एकोणिसातून तीन वजा

माणसाच्या दोन फुप्फुसांत मिळून वायुकोश किती? अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत ३० कोटी हा आकडा छापला जात होता. २००४ साली जर्मनीतल्या गटिंगेन इथल्या माथियास ऑक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नव्याने मोजायला घेतला. सहा प्रौढ माणसांची फुप्फुसं, त्यांचे अतिपातळ काप, सूक्ष्मदर्शक आणि मोजणीचं काटेकोर गणित, एवढ्यावर त्यांनी सरासरी काढली : ४८ कोटी. सहांपैकी सर्वांत कमी होते २७ कोटी ४० लाख आणि सर्वांत जास्त ७९ कोटी. मोठ्या फुप्फुसात वायुकोश मोठे नसतात, ते संख्येने जास्त असतात. प्रत्येकाचा व्यास मिलीमीटरचा जेमतेम पाचवा भाग. एका घन मिलीमीटरमध्ये असे सुमारे १७० कोश बसतात.

हे सगळे कोश उलगडून त्यांच्या भिंती सपाट अंथरल्या तर पृष्ठभाग भरतो १३० चौरस मीटरच्या आसपास. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, म्हणजे बरोबर १३० चौरस मीटर. चढाईला गेलेला गडी ज्या एका दमावर सगळं मैदान पालथं घालतो, तो दम ज्या पडद्यावर भरला जातो, त्या पडद्याचा पसारा मैदानाएवढाच आहे. आणि हे मैदान घडी घालून बरगड्यांच्या आत बसवलेलं आहे.

त्या पडद्याच्या पलीकडच्या बाजूला रक्त असतं. आपण स्वस्थ बसलेलो असताना फुप्फुसांच्या केशवाहिन्यांमध्ये एका वेळी ७० ते १०० मिलीलीटर रक्त असतं. शंभर मिलीलीटर रक्त १३० चौरस मीटरवर पसरलं तर थराची जाडी येते पाऊण मायक्रॉन, मिलीमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. हवा आणि रक्त यांच्यामधली भिंत तर काही ठिकाणी पाव मायक्रॉनइतकी पातळ आहे. लाल पेशी या पडद्याला लगटून साधारण पाऊण सेकंदात निघून जाते. तिचा ऑक्सिजन भरून होतो त्यातल्या पहिल्या पाव सेकंदात. उरलेला अर्धा सेकंद ती भरलेल्या पिशव्या घेऊन नुसती पुढे सरकते.

फुप्फुसाचा भाग काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या श्वासाची सगळी गोष्ट या अर्ध्या सेकंदात आहे. तो शिल्लक वेळ आहे, शिलकी माल आहे. असं शिलकीचं खातं फुप्फुसात जागोजागी उघडलेलं दिसतं. बसल्या जागी आपल्याला मिनिटाला सात लीटर हवा पुरते. निरोगी तरुण पुरुष जोर लावून मिनिटाला सव्वाशे ते दीडशे लीटर हवा आतबाहेर करू शकतो. दिवसाकाठी श्वास होतात सुमारे २० हजार, त्यातून आतबाहेर होणारी हवा १० हजार लीटर, आणि तिचं वजन भरतं १२ किलो. घरात बसून काढलेल्या दिवशीसुद्धा आपण जेवतो-पितो त्याच्या कितीतरी पट वजनाची हवा ओढतो, आणि तरीही यंत्रणेची बहुतेक ताकद वापरलीच जात नाही.

फुप्फुसाच्या कर्करोगासाठी एक भाग काढावा लागेल, असं डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न तोच असतो : मग श्वास पुरेल का? या प्रश्नाला घाबरवणारं उत्तर देणारे नातेवाईक पुष्कळ भेटतात. ‘अर्धं फुप्फुस गेलं, आता घरातच बसायचं’ हे वाक्य ऐकून खरोखरच घरात बसलेली माणसं असतात. त्यांच्यासाठी आकडे नीट मांडणं मला अगत्याचं वाटतं.

शल्यचिकित्सक आधी साधी वजाबाकी करतात. उजव्या फुप्फुसाचे तीन लोब (खंड), डाव्याचे दोन. लोबांचे पुन्हा भाग पडतात. उजवीकडे वरच्या लोबचे तीन, मधल्याचे दोन, खालच्याचे पाच. डावीकडे वरच्याचे पाच, खालच्याचे चार. बेरीज १९. आता समजा, एका साठीच्या गृहस्थाने श्वासचाचणीच्या (पीएफटीच्या) नळीत जोर लावून फुंकलं आणि पहिल्या सेकंदात २.४ लीटर हवा बाहेर टाकली. गाठ उजव्या वरच्या लोबमध्ये आहे. एकोणिसातून तीन गेले, राहिले सोळा. २.४ चे सोळा-एकोणिसांश म्हणजे सुमारे २ लीटर. कबड्डीच्या मैदानातून वीस चौरस मीटरचा पट्टा कमी झाला. उजवं फुप्फुस पूर्ण काढायची वेळ आली तर हिशेब दहा-एकोणिसांश वजा असा होतो, म्हणजे निम्म्याहून जास्त मैदान जातं. म्हणून ती शस्त्रक्रिया आज शक्य तितकी टाळली जाते.

वजाबाकीनंतर उरणारा आकडा त्या वयाच्या, उंचीच्या निरोगी माणसाच्या ६० टक्क्यांहून जास्त असेल, आणि पडद्यातून वायू किती सहज पार होतो याच्या चाचणीतही तसंच दिसत असेल, तर फुप्फुसापुरता धोका कमी मानतात. ३० ते ६० च्या मध्ये असेल तर रुग्णाला जिने चढायला लावतात. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या मार्गदर्शनात ही जिन्याची परीक्षा आहे : २२ मीटर उंची. आपल्याकडच्या इमारतीत मजल्याला तीन मीटर धरले तर सात मजले. धापा टाकत का होईना, सात मजले चढून गेलेला माणूस लोब काढण्याची शस्त्रक्रिया बहुधा निभावून नेतो. ते जमलं नाही, किंवा उरणारा आकडा ३० टक्क्यांखाली येत असेल, तर सायकलवर बसवून शरीर दर मिनिटाला, दर किलो वजनामागे किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजतात. वीस मिलीलीटरच्या वर असेल तर उत्तम. दहाच्या खाली असेल तर धोका फार, कारण स्वस्थ बसलेल्या माणसालाच साडेतीन लागतात. करोडो रुपयांच्या यंत्रांच्या काळातही या निर्णयात सात मजल्यांच्या जिन्याला मान आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता वॉर्डात जाऊ. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वजाबाकीचं गणित कोलमडलेलं असतं, कारण श्वास कागदावरच्या आकड्यापेक्षा खूपच खाली आलेला असतो. छाती मोठी उघडली असेल तर एका दमात भरता येणारी हवा निम्म्याच्या आसपासही उतरते. कापलेला लोब हे त्याचं एकच कारण. मुख्य कारण दुखणं. बरगड्यांमधला छेद प्रत्येक श्वासाला ओढला जातो, म्हणून माणूस वरवरचे, आखूड श्वास घेतो. श्वासपटल दबकून हलतं. खोकला आला तर तो गिळला जातो. कफ साठतो आणि खालचे वायुकोश मिटायला लागतात. कुशीतून निघालेली नळी खाटेखालच्या बाटलीत सोडलेली असते. बाटलीतल्या पाण्यात नळीचं तोंड बुडालेलं, आणि नळीतली पाण्याची पातळी श्वासागणिक वर-खाली होत असते. पाण्यातून बुडबुडे येत असतील तर फुप्फुसातून अजून हवा गळते आहे. ते थांबले, एक्स-रेत उरलेलं फुप्फुस पसरलेलं दिसलं आणि नळीतून येणारं पाणी कमी झालं की नळी निघते.

बाजूच्या टेबलावर श्वासाच्या व्यायामाचं, प्लास्टिकचं तीन गोळ्यांचं यंत्र असतं. तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकीत एक हलका गोळा, आणि वर छापलेले आकडे : ६००, ९००, १२००. सेकंदाला ६०० मिलीलीटर वेगाने हवा ओढली की पहिला गोळा उचलला जातो, ९०० ला दुसरा, १२०० ला तिसरा. आदल्या आठवड्यात तिन्ही गोळे टपाटप वर नेऊन दाखवणारा माणूस आता पहिलाच गोळा बोटभर उचलतो आणि तो थरथरून खाली बसतो. बरेच जण इथे खचतात. फिजिओ सांगते, ‘काका, जोरात नको, हळूहळू ओढा आणि धरून ठेवा.’ मग उशी छातीशी घट्ट धरायला लावून खोकायला लावते. नुसत्या या यंत्रामुळे गुंतागुंत कमी होते, असं चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. वेदना आटोक्यात ठेवणं, खोकून कफ काढणं आणि लवकरात लवकर खाटेवरून उठून चालणं, याने काम होतं. नळी आणि बाटली हातात धरून व्हरांड्यात येरझारा घालणारा रुग्ण दिसला की समजावं, तो उरलेले सोळा भाग कामाला लावतोय.

ते कामाला लागतात कसे? छातीच्या पोकळीत फुप्फुसाभोवती दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो, त्यामुळे फुप्फुस सतत बाहेरच्या बाजूला ताणलेलं असतं. एक लोब निघाला की शेजारचे लोब त्या जागेत पसरतात. त्या बाजूचं श्वासपटल थोडं वर सरकतं, हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांचा मधला पडदा त्या दिशेला कलतो. काही महिन्यांनी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये रिकामी जागा अशी राहिलेलीच नसते. पूर्वी लोबला मिळणारं रक्तही आता उरलेल्या वाहिन्यांतून जातं. पूर्ण फुप्फुस काढलेल्या माणसात तर मिनिटाला पाच लीटर, म्हणजे सगळ्या शरीराचं रक्त, एकाच बाजूने जावं लागतं. एरवी मिटून असलेल्या केशवाहिन्या उघडतात आणि हा भार झेलतात. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब मुळात पाऱ्याच्या १५ मिलीमीटरच्या आत, शरीरातल्या इतर धमन्यांच्या सहाव्या भागाएवढा. तिथेही शिल्लक आहेच.

या जुळवाजुळवीचं मोजमाप १९९६ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. ६८ रुग्ण : ५० जणांचा लोब काढलेला, १८ जणांचं एक फुप्फुस पूर्ण. शस्त्रक्रियेआधी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी त्यांची श्वासचाचणी आणि व्यायामचाचणी झाली. सहा महिन्यांनी लोब काढलेल्यांच्या श्वासक्षमतेतली घट दहा टक्क्यांच्या आत होती आणि व्यायामाची क्षमता कमी झालेलीच नव्हती. पूर्ण फुप्फुस गेलेल्यांची श्वासक्षमता एक तृतीयांश घटली, पण व्यायामक्षमता घटली फक्त २० टक्के. ज्यांचे अर्धे वायुकोश गेले, त्यांच्या कष्टाच्या ताकदीतला पाचवा भाग गेला. वजाबाकीच्या सूत्राला हे दिसत नाही, कारण सूत्र फक्त भाग मोजतं.

जपानमधल्या एका मोठ्या चाचणीने तर शल्यचिकित्सकांनाच चकित केलं. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी पूर्ण लोब काढावा की लोबचा फक्त एक भाग, हा प्रश्न होता. ११०६ रुग्णांचे दोन गट केले. लोब वाचवला तर श्वास कितीतरी जास्त वाचेल अशी अपेक्षा होती. फरक दहा टक्क्यांचा आला तरच तो रुग्णाच्या दृष्टीने मोलाचा मानायचा, असं आधीच ठरवलेलं होतं. २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. वर्षभराने लोब गेलेल्यांची घट १२ टक्के, भाग गेलेल्यांची साडेआठ. फरक साडेतीन टक्के. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण मात्र भाग काढलेल्यांत ९४.३ आणि लोब काढलेल्यांत ९१.१ टक्के निघालं, जरी त्याच जागी रोग उलटण्याचं प्रमाण भाग काढलेल्यांत दुपटीच्या जवळ होतं. या निकालाचा अर्थ लावणं तज्ज्ञांचं चालू आहे. मला त्यातला साडेतीनचा आकडा महत्त्वाचा वाटतो. श्वास वाचला तो उरलेल्या लोबांनी भरपाई केल्यामुळे, आणि ही भरपाई मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांतही तितक्याच जोमाने झाली.

कर्करोगासाठी एका बैठकीत पूर्ण फुप्फुस काढलं तर माणूस जगेल का, याची १९३३ पर्यंत कुणालाच खात्री नव्हती. त्या वर्षी ५ एप्रिलला अमेरिकेत सेंट लुइसच्या बार्न्स हॉस्पिटलमध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी पिट्सबर्गच्या जेम्स गिलमोर यांना टेबलावर घेतलं. गिलमोर स्वतः डॉक्टर, स्त्रीरोग आणि प्रसूतीतज्ज्ञ, वय ४८. बेत डावा वरचा लोब काढण्याचा होता. छाती उघडल्यावर दिसलं की गाठ अशा ठिकाणी बसली आहे की लोब काढून भागणार नाही. ग्रॅहमनी सगळं डावं फुप्फुस काढलं. एवढी पोकळी रिकामी राहिली तर काय होईल हे ठाऊक नव्हतं, म्हणून छातीची भिंत आत बसावी यासाठी सात बरगड्याही काढल्या. कर्करोगासाठी एका बैठकीत पूर्ण फुप्फुस काढून रुग्ण वाचल्याची ही पहिली वेळ. गिलमोर बरे होऊन पुन्हा प्रॅक्टिस करू लागले आणि १९६३ पर्यंत जगले. तीस वर्षं, एका फुप्फुसावर. दिवसाला वीस हजारांचा हिशेब धरला तर बावीस कोटींच्या जवळपास श्वास.

ग्रॅहम त्यांच्याआधी गेले, १९५७ साली, फुप्फुसाच्याच कर्करोगाने. अनेक वर्षं ते सिगारेट ओढत होते. १९५० साली अर्न्स्ट वाइंडर या तरुण सहकाऱ्याबरोबर ६८४ रुग्ण तपासून सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणाऱ्यांत तेच होते. त्यानंतर त्यांनी सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता.

फुप्फुसाच्या खात्यातली खरी उधळपट्टी कुठे होते, ते आता पाहू. अमेरिका आणि कॅनडातल्या हजारो धूम्रपान करणाऱ्यांवर, ज्यांच्या श्वासनळ्यांत बिघाडाची सुरुवात झाली होती, अकरा वर्षं लक्ष ठेवलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदात फुंकता येणारी हवा वर्षाला ३० मिलीलीटरने घटत होती. साधारण वयोमानाने घटते तितकीच. ओढत राहिलेल्यांची घटत होती वर्षाला ६६ मिलीलीटरने. फरक ३६ चा. अकरा वर्षांत तो होतो ३९६ मिलीलीटर.

मघाच्या गृहस्थांकडे परत जा. त्यांच्या २.४ लीटरमधून एकोणिसातले तीन भाग गेले तेव्हा सूत्राप्रमाणे कमी झाले ३८० मिलीलीटर. म्हणजे सिगारेट किंवा विडी अकरा वर्षं चालू ठेवणं हे उजवा वरचा लोब कापून टाकण्याच्या बरोबरीचं आहे. लोब शस्त्रक्रियेत एका सकाळी जातो, सगळं घर हादरतं, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यातला बराचसा श्वास परत येतो. धुराने जातो तो भाग कुणाला दिसत नाही आणि परतही येत नाही, कारण धूर वायुकोशांच्या भिंतीच विरघळवतो. शस्त्रक्रियेनंतर ‘आता काय, जायचं ते गेलं’ म्हणून पुन्हा विडी पेटवणाऱ्या माणसाला मी हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवीन.

भारतात २०२२ या एका वर्षात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळले, असा जागतिक कर्करोग नोंदीचा अंदाज आहे. त्यातल्या फार थोड्यांच्या वाट्याला शस्त्रक्रिया येते. बहुतेकांचा रोग कळतो तोपर्यंत पसरलेला असतो. एक्स-रेवरचा डाग क्षयाचा समजून आधी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि त्यात महिने जातात, ही आपल्याकडची ओळखीची कहाणी. तेव्हा ‘ऑपरेशन करावं लागेल’ हे वाक्य आपल्या देशात तरी बऱ्याचदा चांगली बातमी असते. गाठ अजून काढण्याजोगी आहे, एवढा त्याचा अर्थ.

लोब गेल्यावर माणूस किती काळ जगू शकतो, याचं जगाला ठाऊक असलेलं उदाहरण कर्करोगाचं नाही, तरी इथे सांगण्यासारखं आहे. ब्वेनोस आयरेसमध्ये १९५७ साली वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा लोब संसर्गामुळे काढावा लागला. पुढे तो पोप फ्रान्सिस झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये ८८ व्या वर्षी वारला. मधल्या साडेसदुसष्ट वर्षांत, आपल्याच हिशेबाने, सुमारे ४९ कोटी श्वास.

एक प्रश्न मात्र अलीकडेपर्यंत बंद मानला जात होता : मोठ्या माणसाच्या फुप्फुसात नवे वायुकोश तयार होतात का? उत्तर होतं, नाही. आहेत ते ताणले जातात, बस्स. डलास इथल्या कॉनी शिया यांनी कुत्र्यांवर वर्षानुवर्षं केलेल्या कामातून निराळंच दिसू लागलं. डावं फुप्फुस, म्हणजे एकूण ४२ टक्क्यांच्या आसपास भाग काढला, तर प्रौढ कुत्र्याचं उरलेलं फुप्फुस पसरतं, पण नव्याने फारसं वाढत नाही. उजवं, म्हणजे ५५ टक्क्यांच्या वर काढलं, तर वाढ जोरात सुरू होते. मधे कुठेतरी उंबरठा आहे, आणि तो ओलांडण्याएवढा ताण पडला की पेशी पुन्हा विभागू लागतात.

मग २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या एका स्त्रीची नोंद आली. १९९५ मध्ये, तेहतीस वर्षांची असताना, कर्करोगामुळे तिचं उजवं फुप्फुस पूर्ण काढलेलं होतं. एकोणिसातले दहा भाग. तिची श्वासक्षमता अपेक्षेप्रमाणे एकदम कोसळली. पण पुढची पंधरा वर्षं ती चढत गेली. सीटी स्कॅनमध्ये डावं फुप्फुस नुसतं फुगलेलं दिसत नव्हतं, त्यातला ऊतींचा भरणाही वाढला होता. शास्त्रज्ञांनी तिला खास तयार केलेला हीलियम वायू हुंगायला दिला आणि एमआरआयवर आतल्या कोशांची मापं घेतली. जुने कोश ताणले गेले असते तर मोठे दिसायला हवे होते. ते मोठे नव्हते. संख्या वाढली होती. नवे कोश नेहमीच्यापेक्षा उथळ होते, म्हणजे निसर्गाने पहिल्या बांधणीइतकी खोली दिली नव्हती, तरी भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतून ऑक्सिजन जात होता.

एकाच रुग्णाची ही नोंद आहे, त्यामुळे प्रत्येकात असं घडेल असं कुणी म्हणू नये. लोब काढलेले बहुतेक रुग्ण त्या उंबरठ्यापर्यंत पोचतही नाहीत. त्यांना जुन्या कोशांचं पसरणंच पुरतं. पण तो उंबरठा नेमका कशाने ओलांडला जातो, ताणाने पेशींना कोणता निरोप जातो, हे एकदा कळलं, तर त्याचा उपयोग सुरीने कापलेल्या फुप्फुसांइतकाच धुराने झिजलेल्या फुप्फुसांनाही होऊ शकेल. अशी फुप्फुसं घेऊन जिन्याच्या दुसऱ्याच मजल्यावर बसकण मारणारी माणसं जगात कोट्यवधी आहेत.